पाणी पिणारी भुकटी आणि कोरडवाहू शेतकऱ्याचा हिशेब

मृग कोरडा गेला, आर्द्राहि तशाच चालल्या आणि आकाशांत ढगाचा ठिपका दिसेनासा झाला, म्हणजे कोरडवाहू गांवाच्या चावडीवर एकच विषय चालतो, तो पाण्याचा. अशा वेळीं पाणी राखण्याचा उपाय घेऊन कोणीहि आला तरी लोक आपण होऊन त्याच्याभोंवतीं जमतात. बुडत्यास काडीचा आधार वाटावा यांत नवल नाहीं. गेलीं कांहीं वर्षें असा एक उपाय गांवोगांव फिरत आहे. कोणी त्यास हायड्रोजेल म्हणतात, कोणी पाण्याची भुकटी म्हणतात. शास्त्रीय मराठींत त्यास अतिशोषक बहुवारिक असें नांव आहे. ही वस्तु काय आहे, ती कोठून आली, आपल्या शेतांत ती कोठें उपयोगी पडते व कोठें पडत नाहीं, आणि पुढें जमिनींत तिचें काय होतें, याविषयीं जें वाचलें व स्वतः करून पाहिलें तें संस्थेच्या सभासदांपुढें ठेवावें, म्हणून हा लेख लिहीत आहें. मी शास्त्रज्ञ नव्हे. माझी सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. शिक्षणहि मराठी शाळेंतलेंच. परंतु आकड्यास आकडा लावून पाहण्याची जी संवय त्या खात्यानें लावली, ती या कामीं उपयोगी पडली.

चावडीवरील पेला

दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या गांवीं एका कंपनीचा प्रतिनिधि आला. त्यानें काचेच्या पेल्यांत बाटलींतील शुद्ध पाणी ओतलें, त्यांत चिमूटभर पांढरे दाणे टाकले, आणि कांहीं वेळ इकडचें तिकडचें बोलून तो पेला उपडा केला. थेंबहि खालीं पडला नाहीं. पाण्याचा साबुदाण्याच्या घट्ट खिरीसारखा गोळा झाला होता. "एकरीं दोन किलो टाका, महिनाभर पाऊस आला नाहीं तरी पीक हलणार नाहीं," असें त्यानें छातीठोकपणें सांगितलें. किलोचा भाव हजार रुपये.

माझा पुतण्या तेथें हजर होता. त्याची बारा एकर जमीन, सर्व पावसावरची. आदल्या सालीं दुबार पेरणी करावी लागून घरांतील बियाणेंहि संपलेलें. तो रात्रीं माझ्याकडे आला व म्हणाला, "काका, चोवीस किलो घ्यावयाचें ठरविलें आहे. तुमच्या सूनबाईनें पाटल्या काढून दिल्या आहेत. उद्यां बँकेंत ठेवून पैसे उचलतों."

मी म्हणालों, "अरे, पाटल्या चार दिवसांनीं गहाण पडल्या तर कांहीं बिघडत नाहीं. आधीं बसून हिशेब करूं."

तो हिशेब पुढें येईलच. परंतु हिशेब करण्यापूर्वीं वस्तु समजली पाहिजे.

ही वस्तु काय आहे

सब्जाचें बीं पाण्यांत टाकलें तर घटकाभरांत त्याच्याभोंवतीं बुळबुळीत आवरण फुगतें. इसबगोलाचें व अळशीचेंहि तसेंच होतें. म्हणजे पाणी पिऊन फुगणारे व तें धरून ठेवणारे पदार्थ सृष्टींत पूर्वींपासून आहेत. मनुष्यानें तीच युक्ति अधिक जोरदार करून घेतली आहे, इतकेंच.

कापडाचा बोळा किंवा स्पंज आपल्या पोकळींत पाणी धरतो. पिळलें कीं तें निघून जातें. या भुकटीची रीति निराळी आहे. तिचा प्रत्येक दाणा म्हणजे अतिशय लांब रेणूंच्या साखळ्यांचें जाळें होय. या साखळ्यांवर जागोजाग ऋण विद्युद्भार असलेले गट असतात, व त्यांच्या जोडीला सोडियम किंवा पोटॅशियम यांचे धन भाराचे कण असतात. पाणी लागतांच हे कण सुटे होतात. साखळीवरील सारखे भार एकमेकांस दूर लोटूं लागतात. आंतील क्षारांच्या ओढीनें बाहेरचें पाणी आंत शिरतें व जाळें फुगत जातें. साखळ्या एकमेकींस गांठींनीं बांधलेल्या असल्यामुळें जाळें विरघळून मात्र जात नाहीं. गांठी थोड्या असल्या तर पाणी अधिक मावतें, पण गोळा लिबलिबीत होतो. गांठी फार असल्या तर गोळा घट्ट होतो, पण पाणी कमी मावतें. हें पाणी हातानें दाबून सहसा निघत नाहीं. तथापि भोंवतालची माती कोरडी पडूं लागली म्हणजे त्यांतील बराचसा भाग मुळांस ओढून घेतां येतो, व पुन्हां पाऊस पडला कीं दाणा पुन्हां फुगतो.

मक्याच्या शेतांतून तान्ह्याच्या लंगोटांत

या भुकटीचा जन्म शेतीसाठींच झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. अमेरिकेंत इलिनॉय राज्यांत पिओरिया येथें तेथील शेतकी खात्याची एक प्रयोगशाळा आहे. शेतांत पिकलेल्या जादा मालास नवे उपयोग शोधावेत, या हेतूनें १९३८ सालच्या कायद्यान्वयें ज्या चार विभागीय प्रयोगशाळा निघाल्या, त्यांपैकीं ही एक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत पेनिसिलीन मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची रीति बसविण्यांत हिचाच मोठा वाटा होता. जॉर्ज फँटा, विल्यम डोन, एडवर्ड बॅगली व ऑलिडीन वीव्हर हे तेथील शास्त्रज्ञ. त्यांनीं मक्याच्या स्टार्चवर ॲक्रिलोनायट्राइल नांवाच्या द्रव्याच्या साखळ्यांचें कलम केलें, व त्यावर अल्कलीची प्रक्रिया करून आपल्या वजनाच्या कित्येक शेंपट पाणी पिणारा पदार्थ तयार केला. १९७० नंतरच्या दशकांत तो 'सुपर स्लर्पर' या नांवानें प्रसिद्धीस आला. आपल्या भाषेंत 'मोठा भुरके मारणारा' म्हणावें तसें. बियांवर लेप देणें, रोपांचीं मुळें त्यांत बुडवून लावणें, हलक्या जमिनींत पाणी राखणें, असे त्याचे उपयोग तेव्हांच सुचविले गेले होते.

परंतु व्यापाराची वाट निराळी पडली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत तान्ह्या मुलांच्या फेकून द्यावयाच्या लंगोटांत, म्हणजे डायपरांत, व स्त्रियांच्या पॅडांत या जातीचे पदार्थ वापरण्यांत येऊं लागले. आज जगांतील मालापैकीं फार मोठा भाग तिकडेच जातो. मक्याचा स्टार्चहि बहुतांशीं मागें पडला. सांप्रत बाजारांत मिळणारी बहुतेक भुकटी ॲक्रिलिक आम्लापासून करतात, व तें आम्ल खनिज तेलापासून निघतें. जमिनींत घातलेल्या तारांच्या केबलींत पाणी शिरूं नये म्हणूनहि ती वापरतात. येणेंप्रमाणें शेतकऱ्याच्या मक्यांतून निघालेली वस्तु तेलाच्या कारखान्यांतून फिरून आतां पुन्हां शेतकऱ्याच्या दारीं आली आहे.

आपल्या देशांत या बाबतींत महत्त्वाचें काम दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेनें केलें. ही संस्था १९०५ सालीं बिहारांत पुसा येथें निघाली, व १९३४ च्या भूकंपानंतर १९३६ सालीं दिल्लीस हलविली गेली. म्हणून लोक तिला अजून पुसा म्हणतात, व तिच्या भुकटीस 'पुसा हायड्रोजेल' हें नांव पडलें. ही भुकटी वनस्पतींतील सेल्युलोजच्या पायावर केलेली असून आपल्याकडील तापलेल्या जमिनींतहि काम द्यावें अशी तिची योजना आहे. शुद्ध पाणी ती आपल्या वजनाच्या निदान ३५० पट पिते, व तिचें प्रमाण हेक्टरीं २.५ ते ५ किलो, म्हणजे एकरीं एक ते दोन किलो सांगितलेलें आहे.

आतां हिशेब

आमच्या गांवीं आलेल्या प्रतिनिधीनेंहि एकरीं दोन किलो व साडेतीनशें पट हेच आकडे सांगितले होते. तेच धरून मी पुतण्यासमोर कागद पेन्सिल घेतली.

दोन किलोस ३५० नीं गुणलें तर ७०० लिटर पाणी होतें. ऐकण्यास हें पुष्कळ वाटतें. परंतु एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारें ४,००० लिटर पाणी पडतें. म्हणजे सबंध एकरांतील भुकटी पोटभर प्याली, तरी तिच्यांत एक मिलिमीटर पावसाचा पांचवा हिस्सासुद्धां मावत नाहीं. भर वाढींत असलेलें पीक कडक उन्हाच्या एका दिवसांत चार-पांच मिलिमीटर, म्हणजे एकरीं १६ ते २० हजार लिटर पाणी वापरतें. मग ७०० लिटरांत त्याची दिवसाची तर नाहींच, तासाभराचीहि तहान भागत नाहीं.

बारा एकरांची बेरीज केली तेव्हां ८,४०० लिटर झाले. उन्हाळ्यांत गांवास येणारा टँकर दहा हजार लिटरांचा असतो. म्हणजे चोवीस हजार रुपये खर्च करून बारा एकरांत मिळून एक टँकरहि भरत नव्हता.

पुतण्या बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "पण काका, पेल्यांत तर डोळ्यांदेखत गोळा झाला." मी म्हणालों, "पेला खोटा नव्हे. पेल्यांत पाणी पावशेर होतें. शेताचा पेला बारा एकरांचा आहे."

या ठिकाणीं दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे, नाहींतर हिशेब एकतर्फी होईल. पुसा येथील शास्त्रज्ञ ही भुकटी रानभर फेकण्यास सांगत नाहींत. ती कोरड्या बारीक मातींत मिसळून बियाच्या ओळींत, बियाच्या जवळ पडावी, अशी त्यांची शिफारस आहे. तेथें ती कोंवळ्या मुळांच्या तोंडाशीं असते व उगवणीच्या नाजूक दिवसांत उपयोगी पडूं शकते. शिवाय हंगामांत प्रत्येक पावसानें किंवा पाण्याच्या पाळीनें ती पुन्हां भरते. हें सर्व मान्य केलें, तरी मूळ गोष्ट बदलत नाहीं. भुकटी पाणी निर्माण करीत नाहीं. आलेलें थोडें पाणी मुळाजवळ थोडा काळ थोपवून धरते. महिनाभर पाऊसच न झाल्यास रिकामा रांजण जसा रिकामाच राहावयाचा, तशीच तीहि राहावयाची.

जमिनीचाहि विचार हवा. वाळूमय व मुरमाड जमिनींत पाणी ठरत नाहीं. तेथें या भुकटीचा फरक अधिक दिसतो. आपली भारी काळी जमीन मात्र स्वतःच फुगणारी व पाणी धरणारी आहे. तिच्या वरच्या एका फुटाच्या थरांतच पिकास घेतां येईल असें पाणी एकरीं दीड लाख लिटरांहून अधिक मावतें. जिच्या घरीं एवढें कोठार आहे तिच्या कोपऱ्यांत ७०० लिटरांचें मडकें ठेवून काय साधणार?

पाणी कोणतें, हाहि प्रश्न

३५० पट हा आकडा शुद्ध पाण्याचा आहे. आपल्या विहिरींत शुद्ध पाणी नसतें. म्हणून मीं थोडी भुकटी आणून घरींच प्रयोग केला. सोनाराच्या कांट्यावर एक-एक ग्रॅमच्या तीन पुड्या करून घेतल्या. तीन पातेल्यांत अर्धा-अर्धा लिटर पाणी घेतलें: एकांत पत्र्यावरून धरलेलें पावसाचें, दुसऱ्यांत आमच्या विहिरीचें, तिसऱ्यांत अर्धा चमचा मीठ विरघळविलेलें. दोन तासांनीं प्रत्येक पातेलें मलमलीच्या फडक्यांतून गाळून उरलेलें पाणी मोजलें. पावसाच्या पाण्यांत भुकटीनें साडेतीनशें पटींच्या आसपास पाणी ओढलें होतें. विहिरीच्या पाण्यांत तें शंभर-सव्वाशें पटींवर आलें. आणि मिठाच्या पाण्यांत पन्नास पटहि भरलें नाहीं.

याचें कारण वर सांगितलेल्या रचनेंतच आहे. बाहेरच्या पाण्यांत क्षार असले म्हणजे आंत-बाहेरची ओढ कमी होते. त्यांतहि कॅल्शियम व मॅग्नेशियम हे कण दोन भारांचे असल्यामुळें ते दोन साखळ्यांस एकत्र आवळून धरतात व जाळें आकसतें. आपल्या विहिरींचें पाणी जड, जमिनींत चुनखडी. वरून दिलेल्या रासायनिक खतांतील क्षार निराळेच. पावसाचें पाणीहि मातींतून उतरतांना हे क्षार आपल्यांत घेतें. म्हणून शेतांतील हिशेबास शंभर पटच धरणें शहाणपणाचें. मग दोन किलोंत ७०० लिटर नव्हे, तर २०० लिटर राहतात. म्हणजे एकरीं एक पत्र्याचें पिंप.

भुकटी कोठें कामास येते

एवढें वाचून वस्तु टाकाऊ आहे असें कोणी समजूं नये. एकरभर पसरलेलें एक पिंप कांहींच नव्हे. परंतु तेंच पाणी शंभर खड्ड्यांत मोजून दिलें तर त्यास अर्थ येतो. एका खड्ड्यांत दहा ग्रॅम भुकटी घातली, तर शंभर पटीच्या हिशेबानें तांब्याभर, म्हणजे एक लिटर पाणी नेमकें रोपाच्या मुळाशीं राहतें. नव्या लावलेल्या लहान रोपास तांब्याभर पाणी म्हणजे कांहीं दिवसांचें आयुष्य होय. आणि पावसाच्या खंडांत कांहीं दिवसच निर्णायक असतात.

आम्हीं तसेंच केलें. चोवीस किलोंऐवजीं एक किलो भुकटी घेतली व माळाच्या बांधालगत सीताफळाच्या शंभर खड्ड्यांत घातली. शेजारच्या कांहीं खड्ड्यांत भुकटी न घालतां नुसतें शेणखत दिलें व वर पालापाचोळ्याचें आच्छादन केलें. कांहीं खड्डे अगदीं साधे ठेवले. श्रावणांत पावसानें दडी मारली तेव्हां साध्या खड्ड्यांतील रोपांनीं प्रथम माना टाकल्या व त्यांतील बरींचशीं गेलीं. भुकटीचीं रोपें बहुतेक तगलीं. शेणखत व आच्छादन असलेलींहि जवळजवळ तितकींच तगलीं. पुढें जेथें भुकटी होती तेथेंहि आम्हीं खत व आच्छादन दिलें. तीं रोपें सर्वांत चांगलीं निघालीं. दुसऱ्या वर्षीं मुळें खोल गेल्यावर भुकटीचा म्हणून वेगळा फरक दिसला नाहीं. हा एका शेतांतला एका सालाचा अनुभव आहे. जितका आहे तितकाच तो सांगितला.

रोपवाटिका, पिशव्यांतील रोपें, मिरची-वांग्याचीं रोपें उपटून दूरच्या शेतावर नेणें, या कामींहि भुकटी उपयोगाची आहे. लिटरभर पाण्यांत चार-पांच ग्रॅम भुकटी कालवून पातळ खिरीसारखें करावें व त्यांत मुळें बुडवून रोपें न्यावींत. वाटेंत मुळें वाळत नाहींत.

गांवांतील दुसऱ्या एका गृहस्थांनीं मात्र सबंध शेतांत भुकटी फेकली. खंड पडला तेव्हां त्यांची बाजरी व बांधापलीकडची बाजरी एकाच दिवशीं सुकूं लागली. ते कंपनीकडे तक्रार घेऊन गेले, तेव्हां "भुकटी नसती तर याहून वाईट झालें असतें," असें उत्तर मिळालें. त्यांस तें खोडून काढतां येईना. कारण भुकटी न घातलेली एक ओळहि त्यांनीं आपल्या शेतांत राखली नव्हती. साक्षीदारावांचून दावा चालत नाहीं, हें मीं कचेरींत आयुष्यभर पाहिलें. शेतांतहि तोच न्याय आहे.

पुढें जमिनींत काय होतें

शेतकऱ्यानें विचारावयाचा सर्वांत मोठा प्रश्न हा आहे. शेणखत जमिनींत घातलें तर तें कुजून जमिनीचें होऊन जातें. ही भुकटी जमिनीची होते काय?

विकणारे सांगतात कीं, ती कांहीं वर्षांत नाहींशी होते. यांत अर्धें सत्य आहे. ऊन, खतांचे क्षार, नांगरट व वारंवार फुगणें-आकसणें यांमुळें जाळें तुटत जातें, व सामान्यतः दोन ते पांच वर्षांत तिची पाणी पिण्याची शक्ति संपते. परंतु काम थांबणें निराळें व कुजणें निराळें. ॲक्रिलेटच्या साखळीचा कणा कर्बाच्या सलग दुव्यांचा असतो, व जमिनींतील जंतूंस तो सहजासहजीं फोडतां येत नाहीं. जर्मनींतील मातींत केलेल्या एका प्रयोगांत या साखळींतील कर्बास खूण करून तो किती कुजतो हें मोजलें, तेव्हां चोवीस आठवड्यांत त्यांतील एक टक्काहि कुजला नाहीं, असें दिसून आलें. म्हणजे दाणा डोळ्यांस दिसेनासा झाला तरी त्याचे तुकडे जमिनींत राहतात. हे तुकडे विषारी आहेत असें नाहीं; पण आपल्या नातवंडांच्या सातबाऱ्यावर न लिहिलेला हा बोजा आपण चढवीत असतों, एवढें ध्यानांत असावें.

याच विचारानें युरोपीय संघानें २०१९ सालच्या खतविषयक नियमांत, जमिनींत पाणी धरणारीं व खताच्या दाण्यांवर लेप देण्याचीं बहुवारिकें ठराविक काळांत कुजलीं पाहिजेत असें तत्त्व घातलें, व त्याच्या कसोट्या २०२४ सालीं ठरविल्या. इकडे स्टार्च, सेल्युलोज, गवारीचा डिंक, संत्र्या-मोसंबीच्या सालींतील पेक्टिन यांपासून कुजणारी भुकटी करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. यांतहि एक पेंच आहे. जी लवकर कुजते ती सहसा कमी पाणी पिते व पुन्हां विकत घ्यावी लागते. जी टिकते ती जमिनींत राहते. टिकाऊपणा व कुजणें या दोन्ही गोष्टी एकाच पुडींत पूर्णपणें मिळाव्यात, अशी अपेक्षा करणें व्यर्थ होय. 'वनस्पतींपासून केलेली' एवढ्या शब्दांवरहि भुलूं नये. पाया वनस्पतीचा असून वरचें कलम ॲक्रिलेटचें असेल, तर पाया कुजेल, कलम राहील.

आणखी दोन धोके सांगितले पाहिजेत. पॉलिॲक्रिलामाइड जातीच्या भुकटींत ॲक्रिलामाइड हें मूळ द्रव्य अल्प प्रमाणांत शिल्लक राहूं शकतें, व तें मज्जातंतूंस अपायकारक आहे. म्हणून अशा मालांत तें किती आहे हें विचारूनच घ्यावा. दुसरा धोका घरचाच आहे. डायपरांतील भुकटी सोडियमची असते. सोडियम आपल्या काळ्या जमिनीचा शत्रु आहे. त्यानें जमीन चोपण होते. वापरलेले डायपर आतां खेड्यांतील उकिरड्यांतहि येऊं लागले आहेत, व तेथून खताबरोबर शेतांत जातात. त्यांतील प्लॅस्टिक व ही भुकटी दोन्ही जमिनीस नकोत. मलमूत्राची घाण ती वेगळीच. ते खताच्या खड्ड्यांत पडूं देऊं नयेत, व त्यांतील भुकटी काढून कुंडींत किंवा वाफ्यांत घालण्याची शक्कल कोणी सांगितल्यास ऐकूं नये.

जुना उपाय आकड्यांत

१९३३ सालीं सोलापुरास कोरडवाहू शेतीचें संशोधन केंद्र निघालें, तेव्हां ही भुकटी जगांत कोठेंहि विकत मिळत नव्हती. तेथील व त्या काळच्या इतर केंद्रांतील शिफारशी आपल्या वडील मंडळींस पाठ होत्या: बांधबंदिस्ती, वेळीं नांगरट, शेणखत, विरळ पेरणी, वारंवार कोळपणी. हे उपाय जुने म्हणून मागें पडले. पण त्यांसहि आकडा लावून पाहावा. एका जोराच्या पावसांत वाहून जाणाऱ्या पाण्यापैकीं केवळ दहा मिलिमीटर बांधानें अडवून जिरविलें, तर एकरीं ४०,००० लिटर पाणी जमिनींत जातें. शुद्ध पाण्याच्या हिशेबानें एकरभर भुकटी जें धरते त्याच्या तें पन्नास पटींहून अधिक आहे. आणि बांध कुजावा कीं न कुजावा, हा प्रश्नच उद्भवत नाहीं.

घेणाऱ्यांस सूचना

ज्यांस ही भुकटी घ्यावयाचीच आहे त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या.

१. पुडीवर पोटॅशियमचें बहुवारिक कीं सोडियमचें, तें पाहावें. सोडियमचें शेतांत घालूं नये.

२. घेण्यापूर्वीं एक ग्रॅम नमुना आपल्या विहिरीच्या पाण्यांत भिजवून मोजावा. विक्रेत्याच्या बाटलींतील पाण्यावर विश्वासूं नये.

३. फळझाडांचे खड्डे, रोपवाटिका व हलकी जमीन येथेंच प्रथम वापर करावा. भारी काळ्या, पाणथळ किंवा खारवट जमिनींत पैसे घालूं नयेत.

४. खड्ड्यांत ती मुळांच्या खोलीवर मातींत नीट मिसळावी. वर उघडी राहिली तर उन्हानें लवकर बिघडते. एके ठिकाणीं ढीग पडला तर फुगून रोप वर उचललें जातें.

५. कोरडी भुकटी हाताळतांना नाकातोंडावर फडकें बांधावें. मुलें व जनावरें यांपासून ती दूर ठेवावी. फरशीवर सांडून ओली झाल्यास पाय घसरतो.

६. कांहीं ओळी किंवा खड्डे भुकटीवांचून अवश्य राखावे. तेच आपले साक्षीदार.

७. कुजते असें सांगितल्यास किती काळांत, कोणत्या कसोटीनें, व कोणाच्या दाखल्यावरून, असें विचारावें. लेखी मिळाल्यास जपून ठेवावें.

शेवटीं एवढेंच सांगावयाचें कीं, नवी वस्तु नवी म्हणून घेऊं नये व नवी म्हणून टाकूंहि नये. ती घरीं आणून मोजावी. पुतण्यानें त्या सालीं उन्हाळ्यांत भुकटीऐवजीं आपल्या फुटलेल्या बांधांची दुरुस्ती केली; मजुरी घरच्या माणसांची, खर्च ट्रॅक्टरच्या दोन दिवसांच्या भाड्याचा. पाऊस यथातथाच झाला, तरी ज्या तुकड्यास बांध धरला होता तेथील ज्वारी पोटरीस आली. सीताफळाचीं जीं रोपें तगलीं तीं आतां कमरेइतकीं उंच आहेत. सूनबाईच्या पाटल्या बँकेंत गेल्या नाहींत. ज्या सभासदांनीं ही भुकटी आपल्या शेतांत वापरली असेल त्यांनीं आपली जमीन, पाणी, प्रमाण व साक्षीदार ओळींचा अनुभव या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा, म्हणजे एकाच्या हिशेबास दहांचा आधार मिळेल, अशी विनंति करून हा लेख पुरा करतों.